बिंब, कालांश आणि प्रत : पाटणच्या ज्योतिषग्रंथातील ग्रहतेजाची मोजणी

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेख मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे तो मुख्यतः त्याच्या अखेरच्या गद्यभागामुळे. यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपला आजा भास्कराचार्य याच्या सिद्धान्तशिरोमणिप्रभृती ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ त, चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठास दान दिले. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ त हा लेख विद्वानांपुढे आणला. पुढे किलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिआ इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. वंशवर्णनाचे आणि दानाचे संस्कृत श्लोक संपले की लेख मराठीत उतरतो. त्याचे कारण उघड आहे. पुढचा मजकूर पेठेतल्या माणसांनी पाळावयाचा आहे : केणे विकले असता त्यावरील कोणते उत्पन्न मठाचे, चालत्या घाण्यामागे किती पळी तेल द्यावयाचे, आणि गावात जे मापले जाईल ते मठाच्या मापाने मापावे.

मठाच्या मापाने मापावे, हा दंडक तेलातुपापुरता होता. परंतु ज्या ग्रंथाच्या अध्ययनासाठी तो मठ होता त्या ग्रंथातही मापे आहेत, आणि त्यांपैकी एका मापाविषयी वाचकांची आजवर गल्लत होत आली आहे. ग्रहांच्या बिंबांचे म्हणून जे आकडे सिद्धान्तशिरोमणीत दिले आहेत ते नेमके कशाचे माप आहे, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. हा प्रश्न ज्योतिषाचा आहे तितकाच शब्दार्थाचाही आहे. आणि त्याचे उत्तर देण्यास गेल्या तीस वर्षांत अवकाशातील कॅमेऱ्यांनी केलेल्या प्रकाशमापनाचे अनपेक्षित साहाय्य झाले आहे.

प्रथम आकडे पाहावेत. शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्याने सिद्धान्तशिरोमणी रचिला. त्याच्या ग्रहगणित या भागात पाच ताराग्रहांची मध्यम बिंबे दिली आहेत. मंगळाचे बिंब ४ कला ४५ विकला, बुधाचे ६ कला १५ विकला, गुरूचे ७ कला २० विकला, शुक्राचे ९ कला, आणि शनीचे ५ कला २० विकला. (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, हे येथे ध्यानात ठेवावे, चंद्राच्या कलांशी तिचा संबंध नाही. एकाच शब्दाने दोन कामे करून घेण्याची ही खोड आपल्या ज्योतिषपरिभाषेत जागोजाग आढळते.) दुर्बिणीने पाहता शुक्राचे बिंब, तो पृथ्वीच्या अगदी जवळ असतानाही, एका कलेहून किंचित मोठे भरते. गुरूचे पाऊण कलेच्या आसपास असते आणि मंगळाचे फार तर २५ विकला. तेव्हा भास्कराचार्याचे आकडे व्यास म्हणून घेतले तर ते दसपटीने आणि क्वचित त्याहूनही अधिक चुकलेले आहेत.

यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एका पक्षाला हे आकडे दाखवून प्राचीन ज्योतिषाची ऐट उतरवावयाची असते. दुसरा पक्ष आकडे मुळी वाचतच नाही. दुर्बिणीशिवाय ग्रहांचे व्यास सांगितले एवढ्यानेच तो संतुष्ट होतो आणि पाटणच्या यात्रेहून अभिमान घेऊन परततो. दोन्ही पक्षांचे गृहीत मात्र एकच आहे : ‘बिंब’ या शब्दाचा अर्थ व्यास. हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे.

तपासण्याचे साधन ग्रंथातच आहे. उदयास्ताधिकारात प्रत्येक ग्रहाचे कालांश दिले आहेत. सूर्याच्या सान्निध्यामुळे ग्रह दिसेनासा होतो, त्याला त्याचा अस्त म्हणतात. सूर्यापासून तो पुरेसा दूर गेला म्हणजे पुन्हा दिसू लागतो, तो त्याचा उदय. हे ‘पुरेसे’ अंतर म्हणजे कालांश. ते आकाशातील अंशांत नव्हे, तर काळाच्या अंशांत मोजलेले असते. एक अंश म्हणजे दहा पळे. शुक्राचे कालांश १०, म्हणजे सूर्योदयापूर्वी शंभर पळे, अर्थात चाळीस मिनिटे, शुक्र उगवत असेल तर तो संधिप्रकाशात दिसू शकतो. गुरूचे ११, बुधाचे १४, शनीचे १५, मंगळाचे १७. बुध आणि शुक्र वक्री असता त्यांच्या कालांशांतून दोन वजा करावयाचे, म्हणजे बुधाचे १२ व शुक्राचे ८ होतात. ग्रह जितका तेजस्वी तितका उजळ आकाशातही तो टिकून राहतो, आणि म्हणून त्याचे कालांश तितके कमी. संधिप्रकाश हीच येथे तुलनेची पट्टी आहे. ‘तेज’ हा शब्द वापरल्यावाचून केलेली ही तेजाचीच मोजणी होय, याबद्दल कोणी वाद घालणार नाही.

आता दोन्ही कोष्टके शेजारी ठेवावीत. बिंबाचा उतरता क्रम शुक्र, गुरू, बुध, शनी, मंगळ असा आहे. कालांशांचा चढता क्रम शुक्र, गुरू, बुध, शनी, मंगळ असाच आहे. एवढ्यावर न थांबता बिंबकलांना कालांशांनी गुणून पाहावे. बुध व शुक्र यांचे मार्गी आणि वक्री असे दोन कालांश आहेत, त्यांचे मध्यममान अनुक्रमे १३ व ९ धरावे. मंगळाचा गुणाकार ८० पूर्णांक तीन चतुर्थांश येतो, शनीचा ८०, बुधाचा ८१ पूर्णांक एक चतुर्थांश, गुरूचा ८० पूर्णांक दोन तृतीयांश, शुक्राचा बरोबर ८१. पाचही ग्रहांच्या बाबतीत एकच संख्या येते. ८१ ला कालांशांनी भागून भागाकार सोयीच्या अपूर्णांकांत, म्हणजे चतुर्थांश-तृतीयांशांत, बसवला की सिद्धान्तशिरोमणीतील बिंबे जशीच्या तशी हाती येतात. असे पाच गुणाकार योगायोगाने जुळणे असंभवनीय आहे. ही दोन कोष्टके स्वतंत्र वेधांची नाहीत. एक दुसऱ्याचा व्यस्त आहे. ग्रह किती उजेडात दिसतो यावरून त्याचे ‘बिंब’ ठरविलेले आहे. तेव्हा बिंब हा शब्द आकाराचा असला तरी त्याखालचा आकडा तेजाचा आहे.

हे खरे मानण्यास आणखी एक निर्णायक प्रमाण आहे, आणि ते कोणत्याही लहान दुर्बिणीतून पडताळता येते. शनीचे बिंब, वलये सोडून, कधीही १४ विकलांहून लहान दिसत नाही. बुधाचे कधीही १३ विकलांहून फारसे मोठे दिसत नाही. म्हणजे आकाराने बुध शनीवर कधीच मात करू शकत नाही. पाटणच्या कोष्टकात मात्र बुध ६ कला १५ विकला आणि शनी ५ कला २० विकला. आकार मोजणाऱ्याच्या हातून ही उलटापालट होणे शक्य नाही. तेज मोजणाऱ्याच्या हातून ती झाली, कारण सरासरीने बुध शनीहून किंचित तेजस्वी आहे.

हा क्रम भास्कराचार्याचा स्वतःचा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. आर्यभटाने चंद्राच्या व्यासाचे पाचवा, दहावा, पंधरावा, विसावा आणि पंचविसावा असे भाग अनुक्रमे शुक्र, गुरू, बुध, शनी आणि मंगळ यांना दिले आहेत. सूर्यसिद्धान्तात मंगळापासून शुक्रापर्यंत उलट क्रमाने ३०, साडेसदतीस, ४५, साडेबावन्न, ६० अशी योजने आहेत. दोन्हीकडे पायऱ्या समान आहेत, आणि ग्रहांचे खरे व्यास अशा समान पायऱ्यांनी उभे राहण्याचे काहीच कारण नाही. समान पायऱ्या दिसल्या की ती मोजणी नसून प्रतवारी आहे असे समजावे. भास्कराचार्याच्या कोष्टकात पायऱ्या समान नाहीत, आणि नेमकी हीच त्याची प्रगती आहे : त्याने स्वीकारलेली बिंबे कालांशांशी, म्हणजे प्रत्यक्ष दृष्टीला येणाऱ्या घटनेशी, बांधलेली आहेत.

हा दोष, त्याला दोष म्हणावयाचेच असेल तर, भारतीय ज्योतिषाचा नाही. तो डोळ्याचा आहे. अंधाऱ्या पार्श्वभूमीवरील तेजस्वी बिंदू डोळ्याला मोठा दिसतो. युरोपात दुर्बिणीपूर्वीचा सर्वांत काटेकोर वेधकर्ता टायको ब्राहे. त्याने शुक्राला ३ कला १५ विकला दिल्या, गुरूला २ कला ४५ विकला, बुधाला २ कला १० विकला, शनीला १ कला ५० विकला आणि मंगळाला १ कला ४० विकला. आकडे भास्कराचार्याच्या तृतीयांशाच्या आसपास आहेत. क्रम मात्र तोच. ताऱ्यांच्या तेजाच्या सहा प्रती ग्रीकांनी ठरविल्या, त्यांनाही युरोपीय भाषांत पुढे जे नाव रूढ झाले त्याचा मूळ अर्थ ‘मोठेपणा’ असाच आहे. सूर्यसिद्धान्तात शुक्राच्या कालांशांतील फरकाचे कारण सांगताना ‘महत्त्व’ आणि ‘अल्पत्व’ हे शब्द येतात. तेथेही महत्त्व म्हणजे मोठेपणाच. दोन शास्त्रपरंपरा एकाच रूपकावर येऊन थांबल्या, ही शब्दार्थाच्या अभ्यासकाने नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

येथवरचा विचार ग्रंथांतर्गत झाला. या कोष्टकाला बाहेरची कसोटी लावावयाची तर ग्रहांचे तेज स्वतंत्रपणे मोजलेले पाहिजे, आणि तेथे एक जुनी अडचण होती. ग्रहाचे मध्यम तेज काढावयाचे म्हणजे त्याच्या सर्व स्थितींतील तेज ठाऊक असले पाहिजे. पण बुध आणि शुक्र यांच्या कित्येक स्थिती अशा आहेत की त्या वेळी ते सूर्याच्या जवळ, म्हणजे अस्तंगत, असतात. जे कालांश पाटणच्या ज्योतिष्याला आड येत होते तेच, थोड्या फरकाने, विसाव्या शतकातील वेधशाळांनाही आड येत होते. पृथ्वीवरून पाहणाऱ्यापुढे संधिप्रकाश असतो आणि क्षितिजालगतच्या धुळीचे व बाष्पाचे आवरण असते.

हा अडसर २ डिसेंबर १९९५ रोजी सोडलेल्या ‘सोहो’ या यानाने दूर केला. युरोपीय आणि अमेरिकी अवकाशसंस्थांचे हे यान सूर्याच्या दिशेस पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरांवर असते. त्यावरील कॉरोनाग्राफ ही मुळात सूर्याच्या प्रभामंडलाची छायाचित्रे घेणारी दुर्बीण. तीत एक चकती सूर्यबिंब झाकते आणि अखंड कृत्रिम खग्रास ग्रहण घडवून आणते. तिच्यातील सर्वांत विस्तृत क्षेत्राचा कॅमेरा सूर्याच्या केंद्रापासून सूर्यत्रिज्येच्या ३.७ पटींपासून ३० पटींपर्यंत, म्हणजे सुमारे आठ अंशांपर्यंत, पाहतो. हा टापू पुरा कालांशांच्या आत येतो. पंचांगातील ‘बुधास्त’ झाल्यानंतर, बुध अस्तंगत असतानाच्या काळात, तो या कॅमेऱ्यात बिंदू म्हणून सरकताना दिसतो. मल्लमा, वांग आणि हॉवर्ड या तिघांनी या चित्रांतून बुधाचे प्रकाशमापन करून २००२ साली प्रसिद्ध केले. सूर्य, बुध आणि द्रष्टा यांच्यामधील कोन २ अंशांपासून १७० अंशांपर्यंत बदलत असताना बुधाचे तेज कसे चढते-उतरते हे त्यातून प्रथमच समग्र कळले. २००६ मध्ये शुक्राचेही असेच मापन झाले.

या कॅमेऱ्याची एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. त्याच्या चित्रपटलावरील एका पिक्सेलची रुंदी आकाशात सुमारे ५६ विकला भरते. म्हणजे तो पिक्सेल जवळजवळ एक कला आहे. कोणत्याही ग्रहाचे खरे बिंब त्या एका घराबाहेर फारसे जाऊ शकत नाही. प्रत्यक्ष चित्रात मात्र शुक्र किंवा गुरू अनेक घरे व्यापतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एक आडवी पांढरी रेघ फुटते. हा तेजाचा अतिरेक आहे : एका घरात मावेनासा झालेला विद्युत्भार शेजारच्या घरांत सांडतो. या चित्रावर कोणी पट्टी ठेवून ग्रहांचे व्यास कलांत मोजले तर त्याला पाटणच्या कोष्टकाच्या जातीचे आकडे मिळतील, आणि चूकही त्याच जातीची होईल. ती होत नाही, कारण मोजणारा डागाची रुंदी पाहत नाही. तो डागातील सर्व घरांतील प्रकाशाची बेरीज करतो, भोवतालच्या आकाशाचा उजेड तीतून वजा करतो, आणि ज्यांची प्रत आधीच ठाऊक आहे अशा ताऱ्यांशी ती ताडून पाहतो. छायाचित्राच्या काचपट्टीचे दिवस होते तेव्हा ताऱ्याच्या डागाचा व्यास मोजून त्यावरून त्याची प्रत काढण्याची रीतच होती. बिंबावरून तेज आणि तेजावरून बिंब, ही ये-जा भास्कराचार्यानंतर आठ शतके चालू राहिली.

या सर्व मापनांचा आधार घेऊन मल्लमा आणि हिल्टन यांनी २०१८ साली ग्रहांच्या मध्यम प्रती दिल्या. शुक्राची प्रत उणे ४.१४, गुरूची उणे २.२०, बुधाची ०.२३, शनीची ०.४६, मंगळाची ०.७१. शुक्र, गुरू, बुध, शनी, मंगळ. पाच ग्रहांचे एकशेवीस क्रम संभवतात. त्यांतील नेमका तोच क्रम येथे पुन्हा आला आहे.

तथापि या जुळणीवर प्रमाणाबाहेर भार टाकू नये. शेवटच्या तीन ग्रहांत एकमेकांपासून प्रतीच्या पाव भागाचेच अंतर आहे. आणि बुधाच्या मध्यम प्रतीत त्याच्या अशा स्थितीही धरल्या आहेत ज्या डोळ्याला कधीच दिसत नाहीत. तेव्हा शुक्र आणि गुरू हे अग्रभागी असणे ही खात्रीची जुळणी, आणि बुध-शनी-मंगळ यांचा क्रम ही संभाव्य जुळणी, असे म्हणणे न्याय्य होईल. शिवाय क्रम जुळला म्हणजे माप जुळले असेही नव्हे. पोगसनने १८५६ साली सुचविलेल्या श्रेणीत पाच प्रतींचे अंतर म्हणजे प्रकाशाची शंभर पट. (हाच पोगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला.) त्या हिशेबाने शुक्र मंगळाच्या सुमारे सत्त्याऐंशी पट तेजस्वी ठरतो, पाटणच्या कोष्टकात तो मंगळाच्या दुप्पटही नाही. डोळ्याने सत्त्याऐंशींचे दोन केले आहेत.

इतके भास्कराचार्याच्या बाजूने झाले. आता ज्या ठिकाणी आकाराच्या भाषेने ग्रंथाला फसविले ती ठिकाणे दाखविणे प्राप्त आहे. कारण ती झाकून केलेला गौरव टिकणार नाही.

पहिले ठिकाण वक्री बुधाचे. वक्री असता बुध आणि शुक्र पृथ्वीच्या जवळ येतात. जवळ आल्याने बिंब मोठे होते. बिंब मोठे म्हणून कालांश दोन अंशांनी कमी. तर्क सरळ आहे, आणि ‘बिंब’ याचा अर्थ आकार असेल तर निर्दोषही आहे. परंतु वक्री होताना या ग्रहांची प्रकाशित बाजू आपल्याकडून फिरते आणि त्यांची चंद्राप्रमाणे कोर होते. साध्या डोळ्यास ती कळत नाही. शुक्राच्या बाबतीत जवळ येण्याचा लाभ कोरीच्या हानीची बरीच भरपाई करतो. त्याचे ढगही, त्यांतील गंधकाम्लाच्या थेंबांमुळे, प्रकाश पुढच्या दिशेला फेकतात आणि अगदी बारीक कोरही उजळ ठेवतात. त्यामुळे शुक्राची सवलत निभावून जाते. बुधाची निभत नाही. बुधाला ढग नाहीत. त्याचा खडबडीत पृष्ठभाग चंद्रासारखा आहे, आणि कोर होताच त्याचे तेज झपाट्याने ढासळते. सोहोच्या कॅमेऱ्याने हेच दाखविले : बहिर्युतीच्या वेळी, आपल्यापासून सर्वांत दूर असताना, बुध उणे दोन प्रतीहूनही तेजस्वी असतो, अंतर्युतीकडे, सर्वांत जवळ येताना, तो इतका मंद होतो की काळोख्या आकाशातही डोळ्याला दिसू नये. म्हणजे वक्री बुधाचे कालांश वाढवावयास हवे होते, ते घटविले गेले. दोन अंशांची ही चूक वेधाची नाही. ‘बिंब’ या शब्दाने ती घडविली आहे. शुक्राचा अनुभव शब्दाच्या आधारे बुधावर लादला गेला.

दुसरे ठिकाण बिंबाच्या कमीअधिकपणाचे. ग्रहाचे अंतर बदलते तसे मध्यम बिंबाला संस्कार द्यावयाचा असतो. तो भास्कराचार्याने अशा बेताने दिला आहे की अतिदूर असता बिंब तृतीयांशाने घटते आणि अतिनिकट असता तृतीयांशाने वाढते. या रीतीने शुक्र ६ कलांपासून १२ कलांपर्यंत जातो, दुपटीपलीकडे नाही. त्याच्याच गणितातील शीघ्रकर्णाच्या, म्हणजे पृथ्वीपासूनच्या अंतराच्या, व्यस्त प्रमाणात बिंब घेतले असते तर शुक्राचे सर्वांत मोठे बिंब सर्वांत लहानाच्या सुमारे सहापट आले असते, आणि आकार म्हणून ते बरोबरही ठरले असते. ज्याला हे गणित हस्तामलकवत् होते त्याने ते येथे का लावले नाही? शुक्राकडे पाहणाऱ्याला सहापटीचा फरक कधी जाणवत नाही, हेच त्याचे उत्तर दिसते. शुक्राचे तेज तिपटीच्या आतच हेलकावते. भूमितीने एक सांगितले, डोळ्याने दुसरे, आणि आचार्याने डोळ्याचे ऐकले. शुक्रापुरते हे शहाणपणाचे होते. पण तोच तृतीयांश त्याने मंगळालाही लावला, आणि मंगळाचे तेज त्याच्या दोन टोकांमध्ये कितीतरी दसपटींनी बदलते. प्रतियुतीच्या मंगळाचा लाल निखारा आणि युतीनंतरचा मंगळाचा क्षीण ठिपका हा एकच ग्रह आहे हे नवख्याला पटत नाही. पाचही ग्रहांना एकच अपूर्णांक लावणे ही सोय झाली, वेध नव्हे.

तिसरे ठिकाण ग्रहयुतीचे, आणि येथे प्रकरण अधिक नाजूक आहे. दोन ग्रहांचे अंतर त्यांच्या बिंबांच्या बेरजेच्या निम्म्याहून कमी झाले की एक बिंब दुसऱ्यावर येते, ती भेदयुती. हा नियम भूमितीचा आहे. त्यात घालण्याचे बिंब तेजाचे आहे. २१ डिसेंबर २०२० च्या सायंकाळी गुरू आणि शनी यांच्यातील अंतर सुमारे ६.१ कला होते. त्यांची पाटणची मध्यम बिंबे ७ कला २० विकला आणि ५ कला २० विकला. बेरजेचे निम्मे ६ कला २० विकला. मध्यम बिंबे घेतली तर ती भेदयुती ठरते. दोन्ही ग्रह त्या वेळी दूरच्या बाजूस असल्याने संस्कारानंतर बिंबे लहान होतात आणि भेद टळतो. पण थोडक्यात टळतो. दुर्बिणीत पाहता दोन्ही बिंबांमध्ये त्यांच्या निम्म्या बेरजेच्या पंधरापट जागा मोकळी होती. साध्या डोळ्याला मात्र ते दोन ठिपके चिकटल्यासारखे दिसले. भेदाचा हा नियम डोळ्याला काय वाटेल हे सांगतो, आकाशात काय घडेल हे सांगत नाही.

या विवेचनाचा परिभाषेशी संबंध येतो तो असा. सिद्धान्तशिरोमणीच्या मराठी विवरणात ‘बिंबकला’ या पदाचा अर्थ ‘कोनीय व्यास’ असा दिला की वाचकाला मूळ आकडा चुकीचा दिसतो आणि त्यातील ज्ञान अदृश्य होते. मूळ शब्द तसाच ठेवावा, आणि विवरणात तो दृश्य तेजावरून ठरविलेला आकार आहे असे स्पष्ट लिहावे. त्याच्या जागी सरळ ‘प्रत’ हा शब्द घालावा, असे कोणी सुचवील. ती सूचना स्वीकारता येत नाही, कारण त्यामुळे वक्री बुधाची चूक का झाली हेच कळेनासे होईल.

आधुनिक मापनासाठी मात्र ‘प्रत’ हा शब्द उत्कृष्ट आहे. युरोपीय शब्दात अडकलेला ‘मोठेपणा’ त्यात नाही. खानदेशातल्या कापसाच्या बाजारात पहिल्या प्रतीचा माल दुसऱ्या प्रतीहून वरचा असतो, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. तेव्हा पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीहून तेजस्वी का, ही इतर भाषांतील विद्यार्थ्याला पडणारी पंचाईत मराठी विद्यार्थ्याला पडण्याचे कारण नाही. उणे प्रत आणि अपूर्णांकातील प्रत यांनी मात्र त्याला थबकावे लागते, कारण बाजारात उणे चार प्रतीचा कापूस येत नाही. तेथे ‘प्रत’ हे वर्गनाम राहत नाही, मापनाम होते, आणि हा बदल शिक्षकाने सांगावा लागतो. दीप्ती, तेजस्विता, प्रकाशमानता, झळाळी हे शब्द आज एकमेकांच्या जागी सर्रास लिहिले जातात. ग्रहाच्या अंगचे तेज आणि आपल्यापर्यंत पोचणारे तेज यांत अंतराचा सगळा हिशेब आडवा असतो. तेथे तरी दोन शब्द दोन अर्थांना बांधून दिले पाहिजेत.

अधिक घोटाळा षष्ठीने केला आहे. ‘उपग्रहाचे प्रकाशमापन’ म्हणजे उपग्रहाने केलेले मापन की उपग्रहाच्या प्रकाशाचे मापन? कर्तरी षष्ठी की कर्मणी? पूर्वी हा प्रश्न केवळ व्याकरणाच्या तासापुरता होता. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या पीएसएलव्ही-सी २० या अग्निबाणाने ‘सरल’बरोबर ‘सफायर’ आणि ‘निओसॅट’ हे दोन कॅनेडियन उपग्रह कक्षेत सोडले. सफायरचे कामच पृथ्वीभोवती फिरणाऱ्या इतर उपग्रहांवर आणि त्यांच्या अवशेषांवर कॅमेरा रोखण्याचे. निओसॅटच्या १५ सेंटिमीटर दुर्बिणीकडे लघुग्रहांबरोबर हेही काम आहे. येथे दोन्ही षष्ठी एकाच वेळी खऱ्या असतात. आणि मापनाची रीतही तीच : इतक्या दूरचा उपग्रह हा निव्वळ बिंदू असतो, त्याचा आकार कॅमेऱ्याला दिसत नाही, त्याचे तेज किती आणि ते कोणत्या तालात कमीअधिक होते एवढेच कळते, आणि त्यावरून तो केवढा आहे, त्याला सौरपत्रे आहेत की नाहीत, तो स्थिर आहे की गिरक्या घेत आहे, याचे अनुमान करावयाचे असते. काळ्या रंगाचा मोठा उपग्रह आणि चकचकीत लहान उपग्रह यांत केवळ तेजावरून निवड करता येत नाही. अनुमान करणारा आकारावर येतो तो पुन्हा तेजावरूनच. फरक एवढा की डोळ्याने नकळत केलेला तो व्यवहार आता परावर्तनाचे प्रमाण उघडपणे गृहीत धरून करावा लागतो, आणि ते गृहीत चुकले तर उपग्रहाचे बिंब पाटणच्या बुधासारखे भलत्याच मापाचे ठरते.